परक्या पेशी अंगात किती काळ राहतात?

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. बाळाच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात, असं वाचलं. खरं आहे का? मुलगी झाली असती तर?

उत्तर : खरं आहे. वार (प्लॅसेंटा) म्हणजे काही बंद भिंत नव्हे. तिच्यातून पेशींची दोन्ही बाजूंना थोडी ये-जा चालते. आईच्या काही पेशी बाळातही उतरतात. 1893 मध्ये जर्मन डॉक्टर गेओर्ग श्मोर्ल यांना एक्लॅम्पसियाने (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनी) दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी दिसल्या होत्या. 1996 मध्ये अमेरिकी संशोधक डायना बियांकी यांच्या गटाला एका आईच्या रक्तात बाळंतपणानंतर 27 वर्षांनी मुलाच्या पेशी सापडल्या. तेव्हा तुमची 24 वर्षं हा विक्रम नाही!

वाय गुणसूत्र पुरुषांच्या पेशींत असतं, आईच्या पेशींत नसतं. म्हणून लाखो पेशींत एखादीच वाय असलेली पेशी असली, तरी पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने) ती पकडता येते. मुलीच्याही पेशी राहतात, पण त्या अशा उठून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एचएलएमधले, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांमधले, फरक धुंडाळावे लागतात. बहुतेक आकडे मुलग्यांच्या आयांचे असतात ते यामुळे. चाचणी इतकी नाजूक, की नमुना हाताळणाऱ्या पुरुषाच्या त्वचेचा कण पडला तरी निकाल पॉझिटिव्ह येतो. म्हणून रक्त न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी सोबत तपासतात. तिच्यात वाय दिसला, तर ती सगळी खेप बाद.

या पेशी करतात काय? स्क्लेरोडर्माच्या (त्वचा कडक होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांत त्या जास्त आढळल्या आहेत. धडधाकट आयांमध्येही आढळतात. आजाराला त्याच कारण, असं सिद्ध झालेलं नाही. निव्वळ कुतूहलापोटी ही तपासणी करून घेऊ नका. निकाल काहीही आला तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही.

प्रश्न : संबंध आलेल्या प्रत्येक पुरुषाचा डीएनए बाईच्या मेंदूत कायमचा राहतो, असा मेसेज फिरतोय.

उत्तर : साफ खोटं. 2012 साली 59 मृत स्त्रियांचे मेंदू तपासले, त्यांतल्या 63 टक्के स्त्रियांच्या मेंदूत पुरुषी डीएनए मिळाला, हे खरं. लैंगिक संबंध हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. शुक्रपेशीत गुणसूत्रं निम्मीच असतात, ती विभागत नाही आणि काही दिवसांत मरते. अंगात मुलग्याच्या पेशी येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत : मुलाचा गर्भ, कळलाही नाही असा गर्भपात, पोटातच विरून गेलेलं जुळं किंवा आईमार्फत आलेल्या थोरल्या भावाच्या पेशी.

प्रश्न : रक्ताच्या कर्करोगासाठी बहिणीच्या मूळपेशी घेतल्याला दोन वर्षं झाली. माझा रक्तगट ए होता, आता ओ दाखवतात. वंशाच्या डीएनए तपासणीसाठी लाळ द्यायची आहे. निकाल माझा येईल की तिचा?

उत्तर : दोघांचा मिळून, म्हणजे धड कुणाचाच नाही. लाळेत गालाच्या अस्तराच्या पेशी तुमच्या असतात, पण पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात आणि ती आता बहिणीची आहे. तुम्ही पुरुष असाल, तर अहवालात स्त्रीची गुणसूत्रंही दिसतील. चूळ भरून गाल खरवडला, तर भेसळ घटते, संपत नाही. हौसेची तपासणी असेल तर सोडून द्या.

आनुवंशिक आजारासाठी तपासणी हवी असेल, तर आधी रुग्णालयात विचारा : प्रत्यारोपणापूर्वीचा नमुना जपून ठेवला आहे का? नसेल तर त्वचेचा सुमारे 3 मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या आतल्या थरातल्या) पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात. तुकडा तसाच तपासला तर त्यातल्या रक्तासोबत बहीण पुन्हा आलीच. बीजपेशी (शुक्रपेशी किंवा स्त्रीबीजं) मात्र तुमच्याच राहतात. मुलं झाली तर ती जनुकीयदृष्ट्या तुमचीच.

आता रक्तगट. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे जुन्या ए पेशी काही महिन्यांत संपल्या. पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि इतर ऊतींवर ए खूण कायम आहे, म्हणून सहसा अँटी-ए (ए खुणेविरुद्धची प्रतिपिंडं) तयार होत नाही. परिणाम असा, की लाल पेशी तपासल्या तर गट ओ निघतो आणि सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) ओ गटात अपेक्षित असलेलं अँटी-ए सापडत नाही. रक्तपेढीतला माणूस चक्रावतो, नमुन्यांची अदलाबदल झाली असं समजतो. जुना गट, दात्याचा गट आणि प्रत्यारोपणाची तारीख लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा.

त्याच कार्डावर 'फक्त किरणोत्सारित रक्त', म्हणजे किरणांचा मारा केलेलं (irradiated) रक्त, हेही लिहा. लाल पेशी आणि प्लेटलेट्सच्या पिशवीला किरणांची साधारण 25 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देतात. त्याने त्यातले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विभागू शकत नाहीत. एरवी ते तुमच्या अंगात मूळ धरून त्वचा, यकृत, आतडी आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतात, आणि हा आजार बहुतेकदा जीव घेतो. जवळच्या नातलगाचं रक्त इथे जास्त धोक्याचं, कारण शरीराला ते परकं वाटत नाही. ही अट किती काळ पाळायची, ते तुमच्या प्रत्यारोपण-तज्ज्ञांकडून लिहून घ्या.

प्रश्न : मला मूत्रपिंड हवंय. नवऱ्याचा रक्तगट जुळतो, तरी त्यांना दाता म्हणून नाकारलं. आम्हाला तीन मुलं आहेत. याचा काही संबंध?

उत्तर : थेट संबंध असू शकतो. बाळाचे निम्मे एचएलए वडिलांचे असतात. गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्या, की तिच्या शरीरात त्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पेशी उरोत न उरोत, प्रतिकारशक्तीची स्मृती उरते. अशा वेळी नवऱ्याचं मूत्रपिंड बसवलं, तर ते काही तासांतही निकामी होऊ शकतं. मुलांपैकी कुणी दाता व्हायचं म्हटलं तरी हीच अडचण येऊ शकते.

डॉक्टरांना गर्भपातांसह सगळी गरोदरपणं आणि आजवर घेतलेलं रक्त सांगा. नकार नेमका कशामुळे, ते विचारा : सायटोटॉक्सिक क्रॉसमॅच (तुमचं सीरम दात्याच्या पेशी मारतं का, ही चाचणी) पॉझिटिव्ह आला, फ्लो क्रॉसमॅच (प्रतिपिंडं त्या पेशींना चिकटतात का, ही जास्त नाजूक चाचणी) पॉझिटिव्ह आला, की रक्तात फक्त प्रतिपिंडं दिसली? शेवटच्या प्रकारात त्यांचं प्रमाण कमी असेल, तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलून आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) देऊन मार्ग निघू शकतो. नाहीतर दुसऱ्या जोडीशी दात्यांची अदलाबदल हा पर्याय. मध्यंतरी रक्त चढवावं लागलं, तर जुना क्रॉसमॅच धरू नका. तो पुन्हा करावा लागतो.