साततोटीच्या सात तोट्या कुठे गेल्या?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही पुण्यात एफवायबीएला आहोत, पाच जणांचा ग्रूप आहे. मॅडमनी प्रोजेक्ट दिलाय की आधी ऑनलाइन रिसर्च करा, त्यातून शहरातल्या तीन जागा तुमच्या तुम्ही निवडा आणि मग तिथे जाऊन या. दोन दिवस सर्च करतोय पण सगळीकडे तेच 'पुण्यातली टॉप टेन ठिकाणं', शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर. निम्मा वर्ग शनिवारवाडाच करतोय. वेगळी जागा शोधायची कशी?

उत्तर: मुलांनो, शनिवारवाडा टाळायची काहीच गरज नाही, उलट तिथूनच सुरू करा. फक्त 'शनिवारवाडा माहिती' असं सर्च करू नका. त्या माहितीत एखादी गोष्ट शोधा जी तुम्हाला खटकते, जिचं कारण तिथे कुणी दिलेलं नाही. मला विचाराल तर ते हजारी कारंजं. वाडा अठराव्या शतकातला, वीज नाही, पंप नाही, मग कारंज्याला प्रेशर कुठून यायचं? हा प्रश्न सर्चमध्ये टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या लिंकवर कात्रज येतं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी बांधीव नळातून शहरात आणलं. कात्रज उंचावर, शहर उताराला, पाणी आपल्या वजनानेच येत होतं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे नळावरची उभी धुराडी म्हणा ना, त्यातून आतली कोंडलेली हवा बाहेर पडायची. आणि शहरात ते पाणी हौदांत पडायचं.

आता इथे थांबा आणि बसच्या पाट्या आठवा. बदामी हौद, फडके हौद, काळा हौद, साततोटी. रोज कंडक्टरच्या तोंडून ऐकतो आपण ही नावं! साततोटी चौकीपाशी रिक्षा थांबवतो पण सात तोट्या कसल्या हे विचारत नाही. तुमच्या ग्रूपला वेगळी जागा हवी होती ना, ही घ्या, ती तुमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरच आहे.

एक मात्र सांगून ठेवते. या विषयावर वाचायला लागलात की पाचव्या लेखापर्यंत लक्षात येईल की सगळे एकमेकांचं उचलतायत, तीच चार वाक्यं, तोच फोटो. तिथे कंटाळून टॅब बंद करू नका, तिथूनच मागे जायचं, की हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं कुणी. विकिपीडियावर असाल तर लेखाच्या तळाशी जा, संदर्भ उघडा. पुण्यासाठी मुंबई प्रांताच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, अठरावा खंड आहे, १८८५ चा, तीन भागांत, स्कॅन फुकट मिळतं आणि त्यातल्या तिसऱ्या भागात शहराचं पेठवार वर्णन, पाणीपुरवठा सगळं आहे. त्यात 'पुणे' शोधलं तर काही सापडणार नाही कारण तेव्हा इंग्रजीत 'पूना' लिहायचे, खडकीचं 'किर्की' करायचे. शिवाय या ग्रंथात नावांच्या अक्षरांवर बारीक रेघा आहेत आणि स्कॅन वाचणाऱ्या मशीनला त्या नीट कळत नाहीत, म्हणून पूर्ण नाव टाकून उपयोग होत नाही, नावाचा अर्धाच तुकडा टाकायचा. हे मला कळायला तीन रात्री लागल्या, तुमच्या तरी वाचू देत. आणि हेही ध्यानात ठेवा की ते सरकारी पुस्तक आहे, राज्य करणाऱ्यांनी राज्य करण्यासाठी लिहिलेलं. भिंतीची लांबी-रुंदी त्यात बरोबर मिळेल, माणसांबद्दलची मतं मात्र तपासून घ्या.

आता खरा मुद्दा, जागा निवडायची कशी. माझी कसोटी एकच, जिथे स्क्रीनवर उत्तर मिळणं संपतं आणि आता डोळ्यांनीच बघावं लागेल असं वाटतं ती जागा घ्यायची. जे घरी बसून पूर्ण कळलं तिथे फक्त सेल्फीसाठी जायचं असेल तर कशाला पेट्रोल जाळता. उच्छ्वास अजून कुठे उभा आहे, हौदाच्या जागी आज काय आहे, पाट्या आहेत का नुसतं नाव उरलंय, हे जाऊनच बघावं लागतं. एकदा मी अशीच कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन एका हौदाच्या शोधात गेले होते, नेटवर सुंदर फोटो, मॅपवर पिन, आणि तिथे पोचलो तर हौदाचा मागमूस नाही, मुलांचे चेहरे पडले. शेवटी बाजूच्या दुकानातल्या आजोबांना विचारलं तर त्यांनी हातातलं काम टाकलं आणि अर्धा तास बोलत राहिले, लहानपणी तिथे कोण पाणी भरायचं, कुठल्या बाजूने उतरायचं, सणाच्या दिवशी केवढी गर्दी व्हायची. त्यातलं एक अक्षर कुठल्या वेबसाइटवर नव्हतं. मुलांनी ते रेकॉर्ड केलं, आजोबांना विचारून, आणि त्यांच्या प्रोजेक्टमधली तीच सगळ्यात मोलाची पानं ठरली.

आणि 'कोण पाणी भरायचं' हा प्रश्न सोडू नका, माझ्या मते या सगळ्या शोधातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. शहरात पाणी आलं, पण कुणासाठी आलं? हा धागा धरलात की सरळ गंज पेठेत पोचता, महात्मा फुल्यांच्या वाड्यात. १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कात्रजचा तलाव, पेठेतला एखादा हौद आणि फुलेवाडा, झाल्या की तीन जागा, आणि तिन्ही पाण्याच्या एकाच प्रश्नाने जोडलेल्या. कात्रजला 'पाणी कुठून निघालं' बघा, पेठेत 'कुठे पोचलं' बघा आणि फुलेवाड्यात उभं राहून 'कुणापर्यंत पोचलं नाही' हे बोला. तिथे जाल तेव्हा पाच मिनिटं फोन खिशात ठेवा, एवढं माझ्यासाठी करा.

कात्रजच्या तलावावरून आंबिल ओढ्याच्या विषयाचा फाटाही फुटतो बरं का. पूर्वी हा ओढा शहराच्या वस्तीतून वाहायचा, पेशव्यांच्या काळात तो पर्वतीकडून वळवला, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याने किती घरं उद्ध्वस्त केली, माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. हा विषय वेगळा आणि मोठा आहे, या वेळी एकाच धाग्याला चिकटून राहा, पण वहीत लिहून ठेवा.

प्रश्न: मी सोलापूरला अकरावीत आहे. पुण्या-मुंबईचं नेटवर खूप सापडतं पण आमच्या शहराबद्दल काहीच नाही. मग आम्ही काय करायचं?

उत्तर: आहे रे बाळा, फक्त वेगळ्या नावाने आहे. 'शोलापूर' असं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकून बघ, १८८४ चं गॅझेटियर निघेल, विसावा खंड. पण मी तुझ्या जागी असते तर हुतात्मा चौकापासून सुरू केलं असतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही चार नावं तू शाळेपासून ऐकतोस. १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. एकेक नाव घेऊन शोध, हा माणूस राहायचा कुठे, काम काय करायचा, कुठल्या भागात सभा घ्यायचा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ का लागला हे वाचताना तू आपोआप गिरण्यांपाशी येशील आणि तिथे नेट तुला फार पुढे नेणार नाही. पण सोलापुरात गिरणीत काम केलेल्या माणसांची घरं गल्लोगल्ली आहेत, तुझ्या स्वतःच्या घरात कुणी असेल तर आजच संध्याकाळी बस त्यांच्याशेजारी. भोंगा किती वाजता व्हायचा, पाळी बदलताना कुठल्या रस्त्याने गर्दी निघायची हे विचार आणि त्या रस्त्याने चालत जा. तुझी जागा तिथेच सापडेल.

प्रश्न: मुलांना शोधायला लावते, पण दोन वेबसाइटवर दोन तारखा असतात आणि मुलं गोंधळतात. शिक्षक म्हणून मी काय सांगू?

उत्तर: ताई, गोंधळू द्या, आणि दोन्ही तारखा वहीत लिहायला लावा. पुण्याच्या भिडेवाड्यातल्या, जोतिराव-सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळेचंच घ्या, १८४८ सालाबद्दल वाद नाही पण कुठे १ जानेवारी लिहिलेलं असतं, कुठे ३ जानेवारी. मुलांना म्हणा, ज्याने ही तारीख दिली त्याने ती कुठून घेतली ते सांगितलंय का? सांगितलं नसेल तर ती वेबसाइट कितीही देखणी असो, ती एका बाजूला ठेवायची. या वाड्याचं आणखी एक दुखणं म्हणजे तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला, त्यामुळे आता तिथे मुलांना नेलंत तर जुने फोटो आधी डाउनलोड करून बरोबर न्या, रस्त्याच्या त्याच कोपऱ्यावर उभं राहून मोबाइलमधला वाडा आणि समोरची जागा शेजारी शेजारी बघू द्या. मी हे केलंय, सहावीतली मुलंसुद्धा गप्प होतात.

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. मॅपवर काहीतरी बघते आणि मैत्रिणींना घेऊन जुन्या पेठांतल्या बोळात जाते. अडवावं का?

उत्तर: अडवू नका, पहिल्या वेळी सोबत जा. जायच्या आधी स्ट्रीट व्ह्यूवर तिच्याबरोबर बसून तो रस्ता बघून घ्या. वाडे म्हणजे लोकांची घरं आहेत, दिंडीदरवाजा उघडा दिसला तरी बाहेरून हाक मारायची, कुणी आल्यावर स्वतःचं आणि शाळेचं नाव सांगायचं, फोटो विचारूनच काढायचा आणि नाही म्हणाले तर हसून निघायचं. विहीर, भुयार, उच्छ्वास यांच्या तोंडाशी वाकून बघायचं नाही, जुनी दगडं सुटलेली असतात. दुपारी एक ते चार पेठांत बेल वाजवू नये हे मात्र तुम्हीच तिला समजावा.