छप्पर बुकिंगच्या वेळीच ठरवा

प्रश्न (चिपळूण): महिंद्राची थार रॉक्स डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) घ्यायची आहे. व्हेरियंट एमएक्स५ घेऊ की एएक्स७एल? आणि आमच्या पावसात सनरूफ गळेल का?

उत्तर: फोर बाय फोर घेतली की सनरूफ आलंच. एमएक्स५ला लहान, एएक्स७एलला पॅनोरामिक, म्हणजे छताचा मोठा भाग व्यापणारं. काचेभोवतीच्या रबराच्या आत थोडं पाणी येणार हे कंपनीने धरलेलंच असतं. ते चौकटीभोवतीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून गाडीखाली जातं. आंब्याचा मोहोर किंवा सुरूच्या काड्या नळीच्या तोंडाशी बसल्या की पन्हळ तुंबते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरतं.

मे अखेरीस काच पूर्ण उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अर्धा अर्धा पेला पाणी हळूहळू ओता. त्या त्या बाजूला गाडीखाली धार दिसली पाहिजे. न दिसल्यास गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी अलगद आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. छत पेलणाऱ्या खांबाच्या आतला नळीचा सांधा निसटला तर अस्तर उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

व्हेरियंटचं म्हणाल तर आमचं मत एमएक्स५. तिचे टायर २५५/६५ आर१८, एएक्स७एलचे २५५/६० आर१९. म्हणजे टायरच्या बगलेची उंची अंदाजे १६६ आणि १५३ मिमी. जांभ्याच्या कडेवर टायर दबतो तेव्हा हे १३ मिमी रिम वाचवतात. मात्र एमएक्स५ फोर बाय फोर मॅन्युअल गिअरमध्येच आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर एएक्स५एल बघा. सीट मोका (तपकिरी) रंगाच्या घ्या, पांढऱ्यावर लाल माती कायमची बसते.

प्रश्न (नाशिक): मारुतीच्या जिम्नीच्या टपावर तंबू बसवायचा आहे. त्यासाठी वरचं अल्फा व्हेरियंट घ्यावं लागेल का?

उत्तर: नाही. लो रेंजसह (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) फोर बाय फोर खालच्या झेटा व्हेरियंटलाही आहे. अल्फात अलॉय, एलईडी हेडलाइट, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणं) अशा सोयी वाढतात. तंबूचं गणित वेगळं आहे. तंबू ५०-६० किलोचा, त्यात कॅरियरचं वजन वेगळं. गाडीच्या माहितीपुस्तिकेतली टपावरच्या वजनाची मर्यादा चालत्या गाडीसाठी असते. तंबू कॅरियरसकट तिच्यात बसत नसेल तर विचार सोडा. सुमारे १२०० किलोच्या, अरुंद गाडीवर एवढं वजन चढलं की आडव्या उतारावर ती लवकर कलते. जमिनीवरचा तंबू घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): २०२२ची सॉफ्ट टॉप (कापडी छपराची) थार मिळते आहे. नंतर हार्डटॉप (टणक छप्पर) बसवता येईल?

उत्तर: बाजारात बसवून मिळतो, पण करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आरटीओची मंजुरी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेला. हार्डटॉपच हवा असेल तर कंपनीतून तसाच आलेला घ्या.

कापडी छप्परच घेणार असाल तर रात्री गाडीत बसा आणि बाहेरून कुणाला तरी शिवणीवर टॉर्च फिरवायला सांगा. उजेडाचा ठिपका दिसला, की तिथून पाणी येणार. ओलं कापड कधी घडी करू नका, दोन दिवसांत बुरशी धरते.