नवी वेबसाईट गूगलमध्ये दिसतच नाही. आधी बॅकलिंक घ्याव्यात की लेख वाढवावेत?

तुम्ही लिहिलंय की साईट सुरू होऊन दहा आठवडे झाले, चाळीसेक पानं आहेत, पण साईटचं नेमकं नाव टाकलं तरी गूगलमध्ये ती येत नाही. एक जण म्हणतो ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) घ्या, दुसरा म्हणतो रोज एक लेख टाका, तर आधी काय करावं?

दोन्ही नको. नेमकं नाव टाकूनही साईट येत नसेल तर अडचण क्रमांकाची नाही, बहुतेक साईट इंडेक्समध्येच, म्हणजे गूगलने वाचून साठवलेल्या पानांच्या यादीतच, नाही. जे इंडेक्समध्ये नाही त्याला बॅकलिंक लावणं म्हणजे बंद घराला रोषणाई. नेमक्या याच दोन सल्ल्यांवरून झालेला वाद मला माहीत आहे, आणि त्यात दोन्ही बाजू चुकल्या होत्या, म्हणून तो आधी सांगतो.

साईट अशीच नवी आणि एवढीच छोटी. बनत होती तेव्हा स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या तात्पुरत्या पत्त्यावर, होती, आणि स्टेजिंगचा पत्ता सर्चमध्ये येऊ नये म्हणून तिला दोन कुलपं लावलेली होती. पहिलं रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये: 'डिसअलाऊ'पुढे नुसती तिरकी रेघ, म्हणजे सगळी साईट क्रॉलरला (गूगलसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) बंद. दुसरं सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये: एक ओळ, जी सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला 'एक्स-रोबोट्स-टॅग: नोइंडेक्स, नोफॉलो' असा हेडर, म्हणजे पानाबरोबर जाणारी न दिसणारी सूचना, चिकटवायची; नोइंडेक्स म्हणजे 'हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका', नोफॉलो म्हणजे 'यातल्या लिंकांमागे जाऊ नका'. साईट लाईव्ह करताना कॉन्फिग जशीच्या तशी उचलली गेली. रोबोट्सची फाईल पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी डोळ्यांना खुपली, ती दुरुस्त झाली आणि सगळ्यांनी हुश्श केलं. दुसरं कुलूप तसंच राहिलं.

ते कुणाला दिसेना, कारण ते पानात नव्हतंच. 'व्ह्यू सोर्स' उघडून नोइंडेक्स शोधला तर काही सापडत नाही. एसईओ प्लगइन (सर्चसाठी साईट तयार करणारी जोड) हिरवा दिवा दाखवतं, कारण ते स्वतःच्या सेटिंगपुरतं बघतं. सर्व्हर वरून काय चिकटवतो हे त्याच्या गावीही नसतं. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, कारण सरळ लिहिलेलं होतं, 'नोइंडेक्स टॅगमुळे वगळलं', पण त्या रिपोर्टात हेडरमधल्या सूचनेलाही टॅगच म्हणतात. त्यामुळे 'टॅग तर कुठेच नाही, रिपोर्ट जुना असणार' असं म्हणून तो बाजूला सारला गेला. मग एक गट म्हणू लागला की नव्या साईटला गूगल सहा महिने 'सँडबॉक्स'मध्ये, म्हणजे बाजूला, ठेवतं, लिंका विकत घ्या. दुसरा गट म्हणाला, मजकूर कमी पडतोय, रोज लिहा. लिंकाही घेतल्या, लेखही पडले, आणि प्रत्येक नव्या लेखाबरोबर तोच नोइंडेक्स निमूटपणे जात राहिला.

तुम्ही हे दोन मिनिटांत तपासू शकता. ब्राउझरमध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा, पान रिलोड करा, यादीतली सगळ्यात वरची ओळ निवडा आणि 'रिस्पॉन्स हेडर्स' वाचा. तिथे एक्स-रोबोट्स-टॅग नावाची ओळ असेल आणि पुढे नोइंडेक्स असेल, तर बाकी सगळं थांबवा. मग त्याच पानाचा पत्ता सर्च कन्सोलच्या 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये टाकून 'टेस्ट लाईव्ह यूआरएल' चालवा. लाईव्ह टेस्ट महत्त्वाची, कारण तिच्याआधी दिसणारा निकाल मागच्या क्रॉलचा असतो.

त्या साईटवर ओळ काढल्यावरही हेडर येतच राहिला. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून त्या मधूनच देणारी सेवा) होतं आणि त्याने जुनी उत्तरं हेडरसकट कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवली होती. कॅशे साफ केल्यावर सुटका झाली. तेव्हा दुरुस्तीनंतर परत हेडर पाहा, आणि नुसतं मुखपृष्ठ नको, आतली दोन-तीन पानंही पाहा. वर्डप्रेस असेल तर आणखी एक जागा: सेटिंग्जमधल्या 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो. ५.३ आवृत्तीपासून तो चौकोन रोबोट्सच्या फाईलला हात न लावता पानात नोइंडेक्स घालतो, म्हणून फक्त रोबोट्सची फाईल बघून 'आमच्याकडे सगळं उघडं आहे' म्हणणारे फसतात.

इथे माझं एक जुनं भांडण आहे, ते करून टाकतो. 'रोबोट्समध्ये बंद केलं की पान सर्चमधून जातं' हे चूक आहे, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी. रोबोट्सची फाईल फक्त 'इथे येऊन वाचू नका' एवढंच सांगते. बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, निकालात येऊ शकतो. काढून टाकायला नोइंडेक्स लागतो, आणि तो वाचायला क्रॉलरला आत यावं लागतं. म्हणजे दोन्ही एकदम लावले तर पहिलं दुसऱ्याला झाकतं. रोबोट्सच्या फाईलमध्येच नोइंडेक्स लिहिण्याची पळवाटही गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केली. रोबोट्सची फाईल बदलल्यावर लगेच फरक दिसला नाही तरी घाबरू नका. गूगल ती साधारण २४ तासांपर्यंत कॅशेत ठेवतं.

समजा हेडर स्वच्छ आहेत. मग कॅनॉनिकल टॅग पाहा. तो पानाचा मूळ पत्ता कोणता ते सांगतो. नव्या साईटवर तो दोन प्रकारे बिघडलेला सापडतो: एक तर स्टेजिंगचाच पत्ता त्यात राहून जातो, किंवा थीममधल्या चुकीमुळे सगळ्या पानांचा कॅनॉनिकल मुखपृष्ठाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या प्रकारात चाळीस पानं स्वतःच सांगत असतात की आम्ही सगळी मिळून एकच पान आहोत. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, असे चारही पत्ते हाताने टाईप करून बघा. तीन पत्ते ३०१ने, म्हणजे कायमच्या वळणाने, चौथ्यावर जायला हवेत, एकाच उडीत. सर्च कन्सोलमध्ये मालकी डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदवहीच्या) टीएक्सटी नोंदीने सिद्ध केलीत तर हे चारही एका ठिकाणी दिसतात. आणि ती मालकी तुमच्या खात्यावर घ्या, साईट बनवून देणाऱ्याच्या नको.

साईटमॅप, म्हणजे साईटच्या पत्त्यांची यादी असलेली फाईल, हिच्याबद्दल फार भाबड्या समजुती आहेत. एका फाईलमध्ये ५०,००० पत्ते आणि कॉम्प्रेस न केलेल्या स्वरूपात ५० एमबी ही मर्यादा. चाळीस पानांना तिचा प्रश्नच नाही. 'प्रायॉरिटी' (पानाचं महत्त्व) आणि 'चेंजफ्रीक' (ते किती वेळा बदलतं) हे रकाने गूगल वाचत नाही, त्यावर वेळ घालवू नका. 'लास्टमॉड' (शेवटच्या बदलाची तारीख) वाचतं, पण तारीख खरी असेल तरच. रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारं प्लगइन असेल तर तो रकानाही फुकट गेला. साईटमॅपचा पत्ता पिंग करून गूगलला कळवायची जुनी सोय २०२३ मध्ये बंद झाली. सर्च कन्सोलमध्ये एकदा द्या, रोबोट्सच्या फाईलमध्ये एक ओळ टाका, झालं. बिंगसाठी इंडेक्सनाऊ (नवं-बदललेलं पान लगेच कळवण्याची सोय) लावा, गूगल ते वापरत नाही.

आता पानं क्रॉल होतात पण इंडेक्समध्ये येत नाहीत अशी स्थिती असेल, तर रिपोर्टातले दोन शेरे वेगळे वाचा. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळलाय, अजून कुणी आलं नाही. छोट्या साईटवर याचं कारण बहुधा आतल्या लिंका: पान फक्त साईटमॅपमध्ये आहे, साईटवरच्या कुठल्याच पानातून तिकडे वाट नाही. किंवा वाट आहे पण बटणाच्या ऑनक्लिकमध्ये, म्हणजे दाबल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये. क्रॉलर बटणं दाबत नाही, त्याला एचरेफ (पुढच्या पानाचा पत्ता) असलेली साधी लिंक लागते. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे येऊन, वाचून, ठेवण्यासारखं वाटलं नाही. तिथे मजकुराचा दोष धरा. क्रॉल बजेटचं (गूगल एका साईटची किती पानं वाचेल या मर्यादेचं) नाव कुणी घेतलं तर ऐकून सोडून द्या. चाळीस पानांच्या साईटला तो आजार होत नाही.

क्रमांकाचा प्रश्न यानंतर येतो, आणि तिथे मी सगळ्यात आधी शीर्षकं बघतो. समजा साईट सायकल दुरुस्तीची आहे. पानाचं टायटल 'सेवा' असेल तर ते कशासाठी दिसावं? 'सायकलची चेन सारखी उतरते: कारणं आणि दुरुस्ती' असं असेल तर शोधणाऱ्याचेच शब्द त्यात आहेत. मग पानात खरोखर तेवढंच हवं: चेन ताणली गेली आहे का ते कसं मोजायचं, डिरेलरचा हँगर वाकलाय का ते कसं ओळखायचं, लिमिट स्क्रू कुठल्या बाजूला किती फिरवायचा. पहिले तीन परिच्छेद सायकलचं महत्त्व सांगण्यात घालवलेलं पान कुणी वाचत नाही. मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात शीर्षकाखाली दिसण्यासाठी लिहिलेल्या वर्णनाने) क्रमांक बदलत नाही, क्लिक बदलू शकतात, आणि गूगल ते वारंवार स्वतःच बदलतं. कीवर्ड मेटा टॅग भरा असं कुणी सांगितलं तर तो माणूस २००९ च्या आधीचा आहे. त्या वर्षी गूगलने जाहीरच केलं की क्रमवारीत तो धरला जात नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. पत्त्यात देवनागरी ठेवली तर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं होतं आणि टक्केचिन्हांसह लिहिताना त्याची नऊ अक्षरं होतात; काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. वर्डप्रेसमध्ये स्लगला (पत्त्याच्या शेवटच्या, पान ओळखणाऱ्या भागाला) २०० अक्षरांची जागा असते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. लांब शीर्षक मधेच तुटतं, आणि सारखी सुरुवात असलेल्या दुसऱ्या लेखाला मागे '२' लागतो. गूगलला असा पत्ता वाचता येतो, तक्रार माणसांची आहे. स्लग हाताने, दोन-तीन शब्दांत लिहा. आधीच छापलेले पत्ते बदलायचे असतील तर ३०१ लावल्याशिवाय हात लावू नका. जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असेल तर तो आधी रूपांतरित करा; तुमच्या डोळ्यांना मराठी दिसतं, क्रॉलरला निरर्थक रोमन अक्षरं.

वेगाबद्दल थोडक्यात: एलसीपी (पानाचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद, सीएलएस (मांडणी किती हलते) ०.१, यांच्या आत राहा आणि पुढे जा. वेगचाचणीत शंभरपैकी शंभर गुणांसाठी झुरू नका. मोबाईलवर मात्र सगळा मजकूर असू द्या, कारण गूगल मोबाईलची आवृत्तीच वाचतं. डेस्कटॉपवर दाखवून मोबाईलवर काढून टाकलेलं त्याच्या लेखी नाही.

उरल्या त्या ५०० लिंका. पेंग्विन हा गूगलच्या क्रमवारीतला बदल एप्रिल २०१२ मध्ये आला तो अशाच लिंकांसाठी, आणि २०१६ पासून तो मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. आता बहुतेक वेळा अशा लिंका सरळ दुर्लक्षिल्या जातात, म्हणजे शिक्षा नाही पण पैसे गेले. नशीब वाईट असेल तर मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसाने तपासून दिलेली शिक्षा) येते आणि ती काढण्यात महिने जातात. 'आमच्या लिंकांनी डोमेन अथॉरिटी वाढते' म्हणतील. तो आकडा एका खाजगी कंपनीच्या साधनाचा आहे, गूगल तो वापरत नाही. रोज एक लेख हेही तसंच. मार्च २०२४ पासून घाऊक मजकूर ओतणं स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन आलंय, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. खऱ्या लिंका हव्यात, हे मी नाकारत नाही: पुरवठादार, सहकारी, तुमच्या विषयावर लिहिणारे. अशा पाच पुरे सुरुवातीला.

पानं इंडेक्समध्ये आली की सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स'मध्ये सरासरी क्रमांक ८ ते २० मधले शब्द काढा आणि त्या पानांवरच काम करा. जे शब्द तिथे अजून आलेच नाहीत त्यांच्यामागे लागण्यापेक्षा हे लवकर फळतं. किती लवकर? फरक दिसायला चार महिने ते वर्ष असा अंदाज गूगलच्याच लोकांनी दिलेला आहे. वरच्या साईटचं मुखपृष्ठ काही दिवसांत आलं, आतली पानं यायला कित्येक आठवडे लागले; 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दिवसाला मोजक्याच पानांना करता येतं.

एक राहिलं. साईटचं नाव रोजच्या वापरातला साधा शब्द असेल, तर नाव टाकून न येणं हा पुरावा धरू नका. शोधपट्टीत 'साईट', मग कोलन आणि लगेच डोमेन टाकून बघा. तिथे येणारी संख्या अंदाजे असते, पण शून्य आहे की नाही एवढं कळतं. डोमेन कुणाचं तरी जुनं विकत घेतलेलं असेल तर आधी 'मॅन्युअल ॲक्शन्स'चं पान उघडा, आधीच्या मालकाचं देणं तिथे सापडू शकतं. आणि त्या ५०० लिंकावाल्याला एवढंच विचारा की त्याने तुमच्या पानाचे हेडर पाहिले का. 'त्याचा काय संबंध' असं म्हणाला तर पैसे देऊ नका.