वर लिहिलं गेलं, की खालचं गेलं

प्रश्न : ताई, आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील जॅकार्ड चादरींची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढायचे. ते गेल्यावर मी सगळे कागद स्कॅन करून 500 जीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवले. मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. आता पुतण्याने डिस्क रिकामी समजून फॉरमॅट मारली आणि तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ भरले, साधारण 180 जीबी. एक जण म्हणतो, मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपने डिस्कचा ‘खालचा थर’ वाचतात, 80 हजार आगाऊ द्या. देऊ का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : दादा, एक रुपयाही देऊ नका. आणि पुढचं वाचण्याआधी ती डिस्क कॉम्प्युटरवरून काढून ठेवा. नुसती लावून ठेवली तरी विंडोज तिच्यावर काही ना काही लिहीत राहतं.

तुमच्या डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. पुतण्याने मारली ती बहुधा क्विक फॉरमॅट. ती काही सेकंदांत उरकते, कारण त्यात फक्त फाइलींची यादी नवी होते. रेशनकार्डावरून नाव कमी झालं म्हणून माणूस घरातून उठून जात नाही, तसे तुमचे स्कॅन फॉरमॅटनंतरही जागच्या जागी होते. नंतर व्हिडिओ आले, आणि त्यांनी जेवढी जागा घेतली तेवढ्या जागेतलं जुनं मात्र खरोखर गेलं. (फॉरमॅटला तास-दोन तास लागले होते का, हे पुतण्याला शांतपणे विचारा. तसं असेल तर ती पूर्ण फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून पुढे ती डिस्कभर शून्यं लिहिते, आणि मग हाती काही उरत नाही.)

क्विक फॉरमॅट धरून हिशोब करू. 500 जीबीची डिस्क विंडोजला 465 जीबी दिसते. त्यातून 180 गेले, उरले 285. एवढ्या जागेला व्हिडिओंचा हातही लागलेला नाही. विंडोज एका टोकापासून ओळीने जागा भरत जातं असं नाही, त्यामुळे कुठलं डिझाइन वाचलं आणि कुठलं गेलं ते उघडून बघितल्यावरच कळेल. पण सगळंच गेलं असं समजून बसू नका.

आता त्या ‘खालच्या थरा’बद्दल. डिस्कवर थर नसतात. एका जागी एका वेळी एकच चुंबकीय खूण असते, नवी आली की जुनी मोडते. ही समजूत आली कुठून, तर पीटर गटमन या संशोधकाने 1996 साली एक निबंध लिहिला. त्या काळच्या डिस्कमध्ये लिहिणारं हेड दर वेळी तंतोतंत त्याच रेषेवर यायचं नाही, त्यामुळे कडेला जुन्या खुणेची पुसट किनार राहू शकते आणि ती विशेष मायक्रोस्कोपने दिसू शकेल, असं त्याचं म्हणणं होतं. डिस्क पक्की पुसायला तिच्यावर 35 वेळा लिहावं, ते प्रसिद्ध झालेले 35 फेरे त्याच निबंधातले. ते त्या वेळच्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्क मिळून होते, सगळे फेरे एकाच डिस्कला कधीच लागत नव्हते, हे त्यानेच पुढे स्पष्ट केलं. आजच्या डिस्कवरची एक रेषा 100 नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असते. त्यात किनार राहायला जागा कुठली?

हे पुढे प्रत्यक्ष तपासलंही गेलं, आणि त्या तपासणीचा निबंध डिसेंबर 2008 मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेतल्याच एका परिषदेत मांडला गेला. क्रेग राइट या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, जुन्यावर नवं लिहिलं गेलेल्या डिस्क मायक्रोस्कोपने तपासल्या. वापरातल्या डिस्कवर जुना एक बिट (म्हणजे शून्य किंवा एक, एवढी एकच खूण) ओळखायची शक्यता निघाली 56 टक्के. नाणं उडवलं तरी 50 टक्के बरोबर येतं! आठ बिट ओळीने बरोबर यायची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. तुमच्या 5 एमबीच्या एका स्कॅनमध्ये चार कोटींच्या वर बिट आहेत. हे 80 हजार कशाचे मागतायत, ते तुम्हीच ठरवा.

लॅब खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. डिस्क पडली, आतून टकटक आवाज येतोय, मोटर अडकली, तर धूळविरहित खोलीत हेड बदलून डेटा काढणारी माणसं आहेत आणि त्यांच्या कामाला तेवढे पैसे पडतातच. तुमची डिस्क धडधाकट आहे. तिला ते काम लागत नाही.

लागतं ते असं. दुसरी मोठी डिस्क घ्या आणि आधी पहिल्या डिस्कची संपूर्ण नक्कल, म्हणजे इमेज, तिच्यावर काढून घ्या. शोधाशोध त्या नकलेवरच करायची. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते यादीकडे न बघता डिस्कवरचे फाइलींचे आरंभ शोधतं. प्रत्येक जेपीजी फाइल ‘एफएफ डी8’ या दोन बाइटनी सुरू होते, तो तिचा माग. नावं मात्र परत येत नाहीत. हजारो फाइली नुसत्या आकड्यांच्या नावाने येतील, आणि कुठलं डिझाइन कुठलं ते घरच्यांनी बसून लावावं लागेल. त्याआधी जुनी यादी कुठे शिल्लक आहे का, तेही बघायला सांगा. असली तर नावं आणि फोल्डरसुद्धा मिळतात.

काही स्कॅन अर्धे मिळतील. माझ्याकडे आलेल्या एका डिस्कमधली अशी फाइल आठवते. मोराचा तुरा, मान, ग्राफचे भरलेले चौकोन अगदी स्वच्छ, आणि पंखाच्या मध्यावर सरळ रेघ मारल्यासारखं चित्र संपून खाली सगळा राखाडी पट्टा. तिथून पुढे दुसऱ्या फाइलचा मजकूर होता. अशी फाइल टाकून देऊ नका. चादरीत नक्षी पुन्हा पुन्हा येते, उजवी बाजू डाव्याची उलट असते. जाणकार डिझाइनर अर्ध्यावरून बरंच पुरं करू शकतो. आणि ज्या फाइलचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा भाग, गेलं पण धड उरलं, तिला त्याच स्कॅनरने, त्याच सेटिंगवर केलेल्या दुसऱ्या स्कॅनचं डोकं लावून पाहता येतं. काम किचकट आहे, पण तुमच्या वडिलांच्या हातच्या डिझाइनांसाठी ते करायलाच हवं.

कुणाकडूनही करून घ्या, एक अट ठेवा : मिळालेल्या फाइली समोर स्क्रीनवर उघडून दाखवायच्या, मग पैसे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायचे आहेत. सभासदांचे आधार, पॅन सगळं त्यात आहे. विक्रेता म्हणतो डिस्क सात वेळा पुसावी लागेल, आणि पैसे फेऱ्यागणिक लावतो.
— एक सचिव, होटगी रोड

उत्तर : चालू स्थितीतल्या साध्या हार्ड डिस्कला एक फेरा बास. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची 2014 ची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते. मात्र तो फेरा सगळ्या डिस्कवर, शेवटपर्यंत झाला पाहिजे. डिलीट मारून रिसायकल बिन रिकामा करणं किंवा क्विक फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे. वरचं उत्तर वाचलंत तर का ते कळेल. पुसून झाल्यावर मधल्या दोन-चार जागा हेक्स एडिटरमध्ये (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दाखवायला सांगा, ओळीच्या ओळी शून्यं दिसली पाहिजेत. डिस्कने स्वतःच खराब ठरवून बाजूला टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, या फेऱ्यात सुटतात. त्यासाठी डिस्कमध्येच असलेली सिक्युअर इरेजची आज्ञा वापरावी. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. ती उघडून आतल्या तबकड्या फोडा, आणि फोडताना डोळ्यांना चष्मा लावा, काही तबकड्या काचेच्या असतात. हे सगळं तुमच्या समोर, संस्थेच्या आवारातच होऊ द्या. सभासदांनी विश्वासाने कागद दिलेत, ते टेम्पोत बसून बाहेर जाता कामा नयेत.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. परवा गड्ड्याच्या यात्रेचे फोटो डिलीट झाले. रिसायकल बिनमध्येही नाहीत.
— एक विद्यार्थिनी, सात रस्ता

उत्तर : एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आणि तिचं गणित उलटं आहे. विंडोज 7 पासून फाइल डिलीट झाली की ‘ट्रिम’ ही सूचना एसएसडीकडे जाते आणि ती जागा आतूनच साफ होते. वर काही लिहिलं गेलं नसलं तरी बहुतेक वेळा काही मिळत नाही. पण फोटो काढले कशाने? कॅमेऱ्याने असतील तर त्याचं मेमरी कार्ड आजच बाजूला काढून ठेवा, त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. कार्डावरून पुसलेले फोटो बहुधा अजून तिथेच असतील.