‘मी तेव्हाच का नाही गेलो?’

कॅन्सरमधून बरी झालेली माणसं मरणाच्या भीतीबद्दल बोलतील, असं मला सुरुवातीला वाटायचं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट मात्र वेगळाच प्रश्न घेऊन येतात, आणि तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहायलाच हवं. ‘रक्त दिसत होतं, तरी मी तेव्हाच का नाही गेलो?’

त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने. वय ४७. आठ महिने शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून मलम लावत राहिले. पोट साफ झाल्यासारखं वाटेना, जिना चढताना धाप लागू लागली. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून कॅमेऱ्याने तपासणी, झाली. तिसरी स्टेज, ऑपरेशन, मग केमो. दीड वर्ष झालं, रिपोर्ट चांगले आहेत, पण झोप नाही.

“मीच माझा घात केला. इतका कसा बेपर्वा वागलो?” हे ते पुन्हा पुन्हा म्हणत. घरचे म्हणायचे, ‘तुमची काही चूक नाही.’ मी तसं म्हटलं नाही. खोटा दिलासा माणसाला लगेच ओळखू येतो.

“त्या दिवसांत नेमकं काय करायचात?” मी विचारलं.

बराच वेळ ते हाताच्या बोटांकडे बघत बसले. केमोनंतर बोटांची टोकं अजून बधिर होती.

“संडासातला दिवा लावायचो नाही,” ते म्हणाले. “अंधारातच पाणी टाकून बाहेर यायचो.”

“का?”

“दिसलं असतं तर कुणाला तरी सांगावं लागलं असतं.”

मी म्हटलं, “अहो, बेपर्वा माणूस दिवा कशाला बंद ठेवेल? त्याला काही वाटतच नसतं. दिवा बंद ठेवतो तो घाबरलेला माणूस.”

ते रडले. आजारपणात पहिल्यांदाच, असं नंतर म्हणाले. ती भेट माझ्या कायम लक्षात राहील. घटनेपेक्षा तिच्यावर आपण दिलेला निकाल जास्त छळतो, अशी माझी धारणा आहे आणि त्या दिवशी ती डोळ्यांसमोर खरी ठरली. ‘लवकर जायला हवं होतं’ हे खरंच आहे, ते पुसायचं कारण नाही. ‘गेलो नाही, म्हणून मी शिक्षेलाच लायक’ हे मात्र वर चिकटवलेलं. त्या आठ महिन्यांनी नेमका किती फरक पडला, हे तर कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात.

पुढच्या भेटीत कळलं की त्यांना धाकटा भाऊ आहे, ४१ वर्षांचा. त्याला तपासणीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आठ महिन्यांची गोष्टही निघाली असती.

“म्हणजे दिवा अजून बंदच आहे,” मी म्हटलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

अपराधीपणाचं हे खरं नुकसान आहे, तो तोंड बंद करतो. आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर साधारणपणे चाळिशीत, किंवा त्या व्यक्तीला ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायला सांगतात. पॉलिप सापडला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. आणि घरात कुणालाही नसला, तरी शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेलं वजन किंवा हिमोग्लोबिन यांतलं काहीही दिसलं तर मूळव्याध आहे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना रोज हेच ऐकायचं असतं, लाजू नका.

हे गृहस्थ आता फेरतपासणीला पत्नीला बरोबर नेतात. आत जाण्याआधी खिशातून कागद काढतात. मागच्या वेळेपासून पोटाबद्दल जे जे जाणवलं, ते त्यावर तारखांसकट लिहिलेलं असतं. तो कागद आधी पत्नी वाचते.