अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह लोक सरकारी आरोग्यसेवेला विरोध करतात, मग म्हातारपणी मेडिकेअर कसं घेतात?

तुम्ही विचारलंय, "सरकारने आरोग्यावर खर्च करू नये म्हणणारे अमेरिकन पासष्टी उलटली की मेडिकेअर हा सरकारी विमा बिनदिक्कत घेतात. हा दुटप्पीपणा नाही का? आणि गरिबाला औषध मिळालं तर यांचं काय जातं?"

मी मूळची मिरजेची. गेली सोळा वर्षं इंडियानात, इंडियानापोलिसच्या बाहेर राहते आणि एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काम करते. पैसे कोणी भरायचे यावरून होणारी भांडणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आमचं राज्य रिपब्लिकन, म्हणजे या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांच्या पक्षाचं, आमची गल्ली त्याहून रिपब्लिकन. तुम्ही विचारताय ती माणसं माझ्या कुंपणापलीकडे राहतात.

दुटप्पीपणा आहे का? आहे थोडा. पण त्यांच्या डोक्यातला हिशेब आपल्याला वाटतो तसा नाही.

शेजारी एक आजोबा आहेत. (मनातल्या मनात आजोबा म्हणते, तोंडावर नावाने हाक मारावी लागते, इकडची रीत.) वय ७४. गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात चाळीसेक वर्षं काढली. दारात झेंडा, गॅरेजमध्ये दोन पिकअप, त्यातला एक मी आल्यापासून चालू झालेला पाहिला नाही. ओट्यावर वार लिहिलेला गोळ्यांचा डबा आणि फ्रिजवर चुंबकाखाली मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कागदी कार्ड. सरकारने आरोग्यात नाक खुपसू नये यावर ते अर्धा तास बोलू शकतात, तेही त्या फ्रिजला टेकून. एकदा मी न राहवून कार्डाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ते सरकारचं नाही, माझं आहे. पहिल्या पगारापासून कापलंय माझं."

कापलंय हे खरंच. पगाराच्या १.४५ टक्के मेडिकेअरसाठी जातात आणि तेवढेच मालक भरतो. माझ्याही पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ असते. आजोबांच्या लेखी तो त्यांचा प्रॉव्हिडंट फंड आहे. निवृत्त झाल्यावर पीएफ काढणाऱ्याला आपल्याकडे कोणी फुकट्या म्हणतं का?

गंमत अशी की मेडिकेअर पीएफसारखं चालतच नाही. तुमच्या नावाने कुठे पैसे साठत नाहीत; आज कापलेला कर आजच्या म्हाताऱ्यांच्या हॉस्पिटलच्या बिलात जातो. आणि डॉक्टरांच्या फीचा जो भाग आहे, ज्याला 'पार्ट बी' म्हणतात, त्याचा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता. त्यातून खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा निघतो. उरलेले तीन हिस्से थेट फेडरल (केंद्र सरकारच्या) तिजोरीतून, म्हणजे माझ्यासारख्यांच्या आयकरातून आणि कर्जातून येतात. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि विषय माझ्या गवताकडे वळवला, ते खूप वाढलं होतं.

म्हणून या लोकांच्या मनात दोन कप्पे असतात. एक हक्काचा, त्यात मेडिकेअर, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन, माजी सैनिकांची हॉस्पिटलं. दुसरा खैरातीचा, त्यात गरिबांसाठीचं मेडिकेड आणि ओबामाकेअरची, म्हणजे ओबामाच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातली, सबसिडी. २००९ मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या एका सभेत कोणीतरी आपल्या खासदाराला बजावलं होतं की सरकारचे हात माझ्या मेडिकेअरपासून लांब ठेवा. सगळा देश हसला होता. मी इकडे राहायला आल्यावर मला त्यात हसण्यासारखं फार काही दिसेना. तो माणूस पहिल्या कप्प्याबद्दल बोलत होता, इतकंच.

आता दुसरा प्रश्न, यांचं काय जातं. इथे त्यांचा एक मुद्दा मला मनापासून पटतो. मेडिकेड चालवतात राज्यं, पण निदान निम्मे पैसे वॉशिंग्टन देतं. ओबामाकेअरमध्ये जे नवे लोक मेडिकेडमध्ये घेतले त्यांच्यासाठी तर ९० टक्के. म्हणजे राज्याने १० सेंट टाकले की वरून ९० येतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! मग कुठलं राज्य काटकसर करील? उलट राज्यांनी युक्ती काढली की हॉस्पिटलांवर कर लावायचा, तो आपला हिस्सा म्हणून दाखवायचा, वरून केंद्राचे पैसे आणायचे आणि तेच हॉस्पिटलांना परत द्यायचे. हे कायद्यात बसतं, आमच्याकडेही होतं, आणि दोन्ही पक्षांची राज्यं करतात.

आणि केंद्र तरी कुठून देतं? २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या फेडरल सरकारने साधारण पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातले सुमारे एक लाख ८३ हजार कोटी उसने. नुसतं व्याज ८८ हजार कोटींच्या घरात, संरक्षण खात्याच्या खर्चापेक्षा जास्त. संसद दरवर्षी ज्यावर मतदान करते तो भाग यातला साधारण चतुर्थांशच. बाकी मेडिकेअर, मेडिकेड, सोशल सिक्युरिटी, व्याज आपोआप चालू राहतं. त्यामुळे परदेशी मदत बंद करा, अमुक खातं बंद करा, असं ओरडणाऱ्या नेत्याला हिशेब येत नाही किंवा तो तुम्हाला बनवतोय. जो खरोखर खर्च कमी करायला निघेल त्याला आजोबांच्या फ्रिजवरच्या कार्डापर्यंत जावं लागेल. ते कोणी जाणार नाही, कारण आजोबा मत द्यायला जातात. रिपब्लिकन नेता पॉल रायनने एके काळी मेडिकेअरऐवजी ठरावीक रक्कम देऊन लोकांना विमा घ्यायला सांगावं अशी योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली.

त्यांच्या पक्षाचा स्वतःचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगनने डॉक्टरांच्या संघटनेसाठी एक ग्रामोफोन रेकॉर्ड काढली. सरकारी औषधोपचार आला की पाठोपाठ समाजवाद येणार, असं त्यात बजावलं होतं. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने मेडिकेअर-मेडिकेडवर सही केली ती केलीच. पण १९८६ मध्ये याच रेगनने राष्ट्राध्यक्ष म्हणून एका कायद्यावर सही केली, की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे नसले तरी तपासलं पाहिजे आणि स्थिर केलं पाहिजे. त्यासाठी हॉस्पिटलांना वेगळा पैसा मात्र दिला नाही. त्याची बुडीत बिलं आजही माझ्या टेबलावर येतात. मग हेरिटेज फाउंडेशन या विचारसंस्थेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी १९८९ मध्ये विचार मांडला तो यातूनच: उपचार मिळणारच असतील तर आयत्या बिळावर नागोबा नको, प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे. रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नीने २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ते करून दाखवलं. २०१० मध्ये ओबामाने देशभर केलं आणि एका रात्रीत ती जुलूमशाही ठरली! मधल्या काळात २००३ मध्ये जॉर्ज बुशने म्हाताऱ्यांना औषधांचा विमा दिला, पैशाची सोय न करता, आणि औषध कंपन्यांशी सरकारने भावाची घासाघीस करायची नाही असं कलम घालून. त्या वेळी काटकसरवाले रिपब्लिकन हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, अडून बसले होते. मतदान पहाटे सुमारे तीन तास उघडं ठेवून त्यांना वळवलं.

पण तुम्हाला कॉन्झर्व्हेटिव्ह विचार प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायचं असेल तर आमच्या राज्याकडे बघा. बरीच रिपब्लिकन राज्यं मेडिकेड वाढवायला नाही म्हणत होती. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ते ऐच्छिक केलंच होतं. इंडियानाचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स. त्यांना ओबामाकेअर नको होतं, पण केंद्राचे पैसेही सोडवत नव्हते. आधीच्या गव्हर्नरांनी, मिच डॅनियल्स यांनी, २००८ मध्ये 'हेल्दी इंडियाना प्लॅन' सुरू केला होता. त्याची दुसरी आवृत्ती पेन्स यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये आणली. आखणी सीमा वर्मा यांची, ज्या पुढे ट्रम्पच्या काळात मेडिकेअर-मेडिकेडच्या प्रमुख झाल्या.

कल्पना अशी: गरीब असला तरी माणसाने महिन्याला काहीतरी भरावं. सुरुवातीला उत्पन्नाच्या दोन टक्के, नंतर १ ते २० डॉलरचे टप्पे. भरलं तर दात आणि डोळेसुद्धा विम्यात. नाही भरलं आणि तुम्ही अगदीच गरीब असाल तर दात-डोळे गेले, वर प्रत्येक भेटीला थोडे पैसे द्यायचे. थोडं बरं उत्पन्न असून चुकवलं तर सहा महिने विमाच बंद. पैसे मोजले की माणूस सेवेची किंमत जाणतो, हा त्यामागचा विचार. आपल्या आजीची पिढीही म्हणायची की फुकटच्या औषधाला गुण येत नाही.

टेबलाच्या या बाजूने मला काय दिसलं ते सांगते. आजोबांची लेक महामार्गावरच्या एका हॉटेलात टेबलं सांभाळते, ती या योजनेत होती. हप्ता किरकोळ. पण तिच्याकडे चेकबुक नव्हतं, बँकेचं कार्ड बदललं, घर बदललं, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. विमा बंद झाल्याचं तिला दाढ ठणकायला लागल्यावर कळलं. जबाबदारी शिकवायची होती म्हणे. ती आठवड्याला पाच शिफ्ट करते, जबाबदारी तिला कोणी शिकवायची? दुसरीकडे हेही खरं, की पेन्स यांनी हा देखावा केला नसता तर आमच्या विधिमंडळाने मेडिकेड वाढवायला होकार दिला नसता आणि लाखो लोक बाहेर राहिले असते. कोविड आल्यावर २०२० मध्ये हप्ते थांबवले.

बाजारावर सोपवा म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. माझा मुलगा सायकलवरून पडला, हनुवटीला चार टाके. (कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही.) महिन्याने विमा कंपनीचा कागद आला, वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही'. हॉस्पिटलची रक्कम २,८४० डॉलर, कंपनीने ठरवलेला दर १,१९०, कंपनीने दिले शून्य, कारण आमचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, पुरं झालं नव्हतं. मी हॉस्पिटलला फोन करून विचारलं, विमाच नसता तर? तिकडून शांतपणे उत्तर आलं, ६४० डॉलर. बारा वर्षं याच धंद्यात असून मी फोन हातात धरून बसून राहिले. मिरजेत एक्स-रेचा दर काउंटरमागच्या बोर्डावर लिहिलेला असायचा, तो वाचून बाबा आधी खिसा चाचपायचे. इथे २०२१ पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करण्याची सक्ती आहे, तो नियम ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीतला. चांगला नियम. ओक्लाहोमातलं एक सर्जरी सेंटर तर त्याआधीपासून प्रत्येक ऑपरेशनची रोख किंमत वेबसाइटवर टाकतं, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लोक त्याचा दाखला देतात तो उगाच नाही. फक्त, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चार ठिकाणी भाव करता येतो. छातीत कळ आल्यावर नाही.

आपल्या मराठी मंडळींबद्दलही सांगते, राग मानू नका. दिवाळीच्या जेवणात "हे लोक काम करत नाहीत आणि आमच्या टॅक्सवर मेडिकेड घेतात" हे ऐकू येतं, आणि श्रीखंडाची वाटी संपायच्या आत तोच गृहस्थ बाजूला घेऊन विचारतो, "आईबाबांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होतायत, मेडिकेअर मिळेल ना?" मिळतं, त्यांनी इथे एक दिवस काम केलेलं नसलं तरी, हॉस्पिटलच्या भागासाठी जबर हप्ता भरावा लागतो, बस. म्हणजे कप्पे आपल्याही मनात आहेत.

४ जुलै २०२५ ला ट्रम्पने सही केलेल्या मोठ्या कायद्याने मेडिकेडचा फेडरल खर्च दहा वर्षांत जवळपास एक लाख कोटी डॉलरने कमी होणार आहे. सिनेटमध्ये मतं ५०-५० झाली आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने तो मंजूर झाला. विरोधात गेलेल्या तीन रिपब्लिकनांची कारणं बघा: नॉर्थ कॅरोलिनाचे टिलिस म्हणाले, माझ्या राज्यातल्या लोकांचं मेडिकेड जाईल, केंटकीच्या रँड पॉल यांना त्यात कर्ज फार वाढतंय असं वाटलं, मेन राज्याच्या सुझन कॉलिन्सही मेडिकेडवरूनच विरोधात गेल्या. त्यामुळे सगळे 'कॉन्झर्व्हेटिव्ह' एका माळेचे मणी समजू नका.

याच कायद्याने ओबामाकेअरमधल्या मेडिकेडवाल्यांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचं दाखवायचंय, उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून. तत्त्व म्हणून आजोबांना ते शंभर टक्के मान्य, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात पाप दिसत नाही. पण आर्कान्सॉने २०१८ मध्ये हे करून पाहिलं तेव्हा कोर्टाने थांबवेपर्यंत सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला होता. तास ऑनलाइन भरायचे आणि वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद! टेबलं सांभाळणारी बाई घरी कधी येते हे ती वेबसाइट बनवणाऱ्याने कोणाला विचारलं असेल?

गेल्या महिन्यात आजोबा संध्याकाळी आले. हातात बुटांचा रिकामा खोका, त्यात लेकीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून रबर घातलेल्या. "तू हॉस्पिटलात आहेस ना, हे कुठे पाठवायचं असतं?" मी म्हटलं, राज्याचा फॉर्म अजून हातात आलेला नाही, तोवर जपून ठेवा. त्यांनी झाकण लावलं, खोका काखेत मारला आणि जाताना म्हणाले, तुझं गवत परत वाढलंय.