शिरेतून दिलेले अन्न आणि रक्तातली बुरशी

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले. आतड्याचा जोड गळू लागल्यामुळे त्यांना तोंडाने काहीही न देता मानेतल्या नळीतून पांढरे अन्न, म्हणजे टीपीएन (सगळे पोषण थेट शिरेतून), दिले जात आहे. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ‘कॅन्डिडा’ बुरशी निघाली. ती त्या पिशवीतून आली का? करोनाच्या काळातली काळी बुरशी ती हीच का? टीपीएन बंद करायला सांगावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काळी बुरशी ही नव्हे. 2021 साली महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस हवेतल्या बुरशीमुळे नाका-डोळ्यांत होत असे. कॅन्डिडा मात्र आपल्याच तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर एरवी निमूटपणे राहते.

पिशवीतूनच बुरशी येणे क्वचित घडते. तरीही टीपीएनवरच्या रुग्णात हा धोका वाढतो हे खरे, आणि त्याची कारणे एकात एक गुंतलेली असतात. हे द्रावण इतके दाट असते की हाताच्या बारीक शिरेला ते सोसत नाही, म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी ठेवावी लागते. त्वचेवरची किंवा हाताळणाऱ्याच्या हातावरची कॅन्डिडा त्या नळीला चिकटली की स्वतःभोवती चिकट थर विणते, आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. साखर व अमिनो आम्लांच्या द्रावणात बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते, पण कॅन्डिडा त्यात तग धरून वाढते; ‘पॅराप्सिलोसिस’ ही तिची जात तर या बाबतीत कुप्रसिद्धच आहे. रक्तातली साखर वाढली तर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात.

दुसरी वाट आतड्याची, जिच्याकडे नातेवाइकांचे लक्ष सहसा जात नाही. अन्नाचा कणही न मिळालेल्या आतड्याचे अस्तर पातळ होऊ लागते, अँटिबायोटिक्सनी तिथले जिवाणू मारल्यामुळे बुरशीला रान मोकळे मिळते, आणि जोड गळत असेल तर तिला पोटात उतरायला दारच उघडते. त्यामुळे सगळा दोष टीपीएनला देणे मला न्याय्य वाटत नाही. ज्या आजारामुळे ते द्यावे लागले, तोही यात तितकाच सामील आहे.

रक्तात कॅन्डिडा सापडणे ही ‘नळी अस्वच्छ होती’ म्हणून सोडून देण्याची बाब नाही. बहुधा कॅस्पोफंजिनसारखे औषध शिरेतून सुरू करतात, शक्य असल्यास जुनी नळी काढतात, आणि कल्चर पुन्हापुन्हा करून, रक्त स्वच्छ आल्याच्या दिवसापासून साधारण 14 दिवस उपचार चालू ठेवतात. बुरशी डोळ्याच्या पडद्यावर बसू शकते, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून तपासणीही होते.

टीपीएन बंद करण्याचा आग्रह मात्र धरू नका. उपासमारीने जखम भरणार नाही. त्याऐवजी डॉक्टरांना विचारा, की गळती कमी झाल्यावर, किंवा गळतीच्या खालच्या आतड्यात, नळीवाटे थोडेसे तरी अन्न केव्हा सुरू करता येईल. टीपीएनची वाहिनी त्याच कामासाठी राखीव आहे का, प्रत्येक जोडणीआधी तिचे तोंड निर्जंतुक केले जाते का, लावलेली पिशवी 24 तासांत बदलली जाते का, हेही विचारा. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या अतिदक्षता विभागातल्या परिचारिका याची उत्तरे आनंदाने देतात.